आमची वाटचाल: देठासकट

मार्केट यार्डातल्या फुलवाल्या भाऊंना पहिल्यांदा म्हटलं, "फुलं पाचच द्या, पण देठ हातभर पाहिजे," तेव्हा त्यांनी आधी मला चहा पाजला. गिऱ्हाइकाचं काहीतरी बिनसलंय असं त्यांना वाटलं असणार. त्यांचंही बरोबरच होतं. आपल्याकडे झेंडू किलोवर, शेवंती किलोवर, गुलछडी गजऱ्यासाठी सुट्टी. हाराला देठ लागत नाही, देवालाही लागत नाही. आमचा धंदा मात्र ऑफिसांत जपानी पद्धतीच्या पुष्परचना लावायचा, म्हणजे पहिल्या दिवसापासून देठांचा, आणि गेल्या नऊ वर्षांतली निम्मी धावपळ ते मिळवण्यात गेली.

सुरुवात टोकियोतली. नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथे सहा वर्षं राहिलो. वेळ जावा म्हणून मी इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या, वर्गाला नाव घातलं. वर्ग सोगेत्सु घराण्याचा होता. हे घराणं तसं धाकटं, सोफू तेशिगाहारांनी 1927 साली काढलेलं. सगळ्यांत जुनं इकेनोबो, क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातलं. तिथले पुजारी सेन्केई यांच्या पुष्परचनेची नोंद 1462 सालची आहे. बुद्धापुढे फुलं ठेवायची चाल तिकडे बौद्ध धर्माबरोबर गेली, म्हणजे मूळ आपल्याच बाजूचं. पण आपण देठ खुडून फूल वाहतो आणि ते देठासकट उभं करतात, एवढ्या फरकावर आज माझं घर चालतं.

पहिल्या तासाला सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या गुरूंनी, फूल दिलंच नाही. एक फांदी हातात दिली आणि विचारलं, हिचं तोंड कुठलं? मी फांदी फिरवत बसले. उन्हाकडे वाढलेली, पानांचा चकचकीत भाग दिसणारी बाजू ती पुढची, आणि पाठ कुणाला दाखवायची नाही. मग मोजमाप. ताटासारखं उथळ भांडं 30 सेंटिमीटर रुंद आणि 6 खोल असेल तर बेरीज 36, तिची दीडपट 54. ही मुख्य फांदी, शिन. तिच्या पाऊणपट दुसरी फांदी सोए, सोएच्या पाऊणपट तिसरी हिकाए. पहिल्या धड्यात शिन उभ्या रेषेपासून 15 अंश कललेली, सोए 45, हिकाए 75. नवरा म्हणाला, हे तर आमच्या ड्रॉइंगच्या पेपरासारखं आहे. पण मोजून लावलेल्या फांद्यांच्या मधली मोकळी जागा एकदा नीट दिसली की फुलदाणीत कोंबलेला गुच्छ बघवत नाही. माझं तरी तसं झालं. लग्नाच्या रिसेप्शनला स्टेजकडे बघायची सोयच राहिली नाही.

पुण्यात परत आल्यावर ऑफिसांच्या रिसेप्शनला आठवड्याला एक रचना द्यायची, असं ठरवून दोघींनी सुरुवात केली. पहिली अडचण केन्झानची. शिशाच्या ठोकळ्यात पितळी सुया दाटीनं बसवलेल्या असतात, त्यावर देठ टोचायचा. जपानहून आणलेले सहाच होते. एका वर्कशॉपमधून वीस करून घेतले, तर त्यांनी सुया लोखंडी घातल्या. चौथ्या दिवशी पाणी चहाच्या रंगाचं झालं. शिवाय सुया विरळ, त्यामुळे जाड फांदी रात्रीत आडवी. वीसच्या वीस आजही माळ्यावर आहेत.

दुसरी चूक सर्वस्वी आमची. एका ऑफिसात जपानी पाहुणे येणार होते. त्या दिवशी पिवळी शेवंती काडी (देठासकट) मिळाली नाही म्हणून मदतनीस मुलीनं पांढरी लावली. जपानात पांढरी शेवंती अंत्यविधीची. मला हे ठाऊक होतं, पण तिला कधी सांगितलंच नव्हतं. पाहुणे काही बोलले नाहीत, वाकून नमस्कार करून आत गेले. आता भिंतीवर यादी लावली आहे, आणि चार फुलं लावायची नाहीत हेही त्यात आहे. त्यांच्या भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार एकच, "शि".

बिलावरून वाद व्हायचेच. एका कंपनीच्या खरेदी विभागानं सरळ विचारलं, "मॅडम, फुलं तीन आणि बिल तीस फुलांचं कसं?" मी त्यांना बादलीभर छाटलेली पानं दाखवली. पटलं नाही. तेव्हापासून नगावर भाव देणं बंद केलं. महिन्याचे चार फेरे, पाणी बदलणं, देठ पाण्यात बुडवून पुन्हा कापणं, असं बिल लिहितो. हवेत कापला तर देठात हवा शिरते आणि पाणी वर चढत नाही. हे बिलावर लिहिल्यापासून कुणी प्रश्न विचारला नाही.

फुलं मिळायला लागली तरी फांद्यांचं काय? रस्त्याकडेच्या झाडाला हात लावायचा तर महापालिकेची परवानगी हवी. तोडगा नारायणगावच्या एका बागायतदार काकांकडे निघाला. ऑक्टोबरच्या छाटणीत द्राक्षवेलीच्या काड्यांचा ढीग पडतो, तो ते बांधावर पेटवून द्यायचे. वळणं अशी, की मुद्दाम वाकवून येणार नाहीत. मी पैसे देऊ केले तेव्हा काका म्हणाले, "ताई, जळण न्यायला पैसे कसले?" आता घेतात. सासवडकडून अंजिराच्या फांद्याही आणतो, पण त्यांचा चीक पाण्यात उतरतो, म्हणून बूड मेणबत्तीवर धरावं लागतं.

सध्या आम्ही तिघी आहोत आणि अकरा ऑफिसं. एप्रिल-मे तोट्यात जातो. तेव्हा वाळलेल्या काड्या आणि नारळाच्या पोयीवर भागवतो. सोगेत्सुत त्याला मज्जाव नाही.

भाऊ आता गुलछडी काडी आमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. खालची उमललेली फुलं रचनेत नको असतात, ती खुडून टाकावी लागतात. सासूबाई ती परडीत गोळा करतात. शुक्रवारी सात ऑफिसांचं काम असतं, तेव्हा त्यांचा देवीचा हार पुरा होतो. मागच्या शुक्रवारी दोनदा फोन आला, अजून थोडी खुडता येतील का म्हणून.