चोरला घाट, मागे जनरेटर

निपाणीहून गोव्याला जाणारे बहुतेक लोक आंबोलीचा रस्ता धरतात. आमचं लग्न गोव्यातल्या साखळी गावात होतं, शिवाय वाटेत बेळगावात काम होतं, म्हणून चोरला. लग्न आमचं म्हणजे मंडपवाल्यांचं. मामेभाऊ, म्हणजे दादा, मंडप, लाइट, साउंडचा धंदा करतो. त्याची इसुझू व्ही-क्रॉस ही डिझेल पिकअप आणि तिच्यामागे ट्रॉलीवर बसवलेला साडेबासष्ट केव्हीएचा जनरेटर. ट्रॉलीसकट वजन दोन टनांच्या आतबाहेर. मला हौस म्हणून नेलेलं. दादा नवी पिकअप घ्यायच्या विचारात आहे आणि हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही असलेली गाडी, हा शब्द मीच त्याच्या डोक्यात सोडलेला, त्यामुळे वाटभर जाब द्यायची जबाबदारीही माझ्यावरच आली.

तवंदी घाट चढेपर्यंत विषय निघालाच नाही. उसाचे दिवस. संकेश्वरच्या अलीकडे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर डेकवर गाणी लावून निवांत चाललेले. आमच्या भागात ओढायची खरी विद्या त्यांच्याकडे. हत्तरगीचा टोल मागे पडल्यावर दादानं विचारलं, "तुझी ती बॅटरीवाली गाडी हे ओढंल काय?"

ओढेल. परदेशात ओढतातच. फोर्डच्या प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लग लावूनही चार्ज होणाऱ्या, रेंजर पिकअपला साडेतीन टन ओढायची परवानगी आहे, म्हणजे तिच्या डिझेल भावंडाइतकीच. पण सगळ्यांचं तसं नाही. ऑस्ट्रेलियात बीवायडीची शार्क ६ पहिल्यांदा आली तेव्हा अडीच टनांवर थांबत होती. टोयोटाच्या टॅकोमात तर गंमतच आहे: हायब्रिड मॉडेलची ताकद ३२६ हॉर्सपॉवर, साध्या पेट्रोलवालीपेक्षा कितीतरी जास्त, तरी ओढायची मर्यादा ६,००० पौंड आणि साधीची ६,५००. ताकद वाढली आणि ओझं घटलं. बॅटरी, मोटर, इन्व्हर्टर यांचं वजन गाडीला स्वतःच वागवावं लागतं, आणि ते मर्यादेच्या हिशेबात येतं. यातली एकही गाडी आज आपल्याकडे शोरूममध्ये मिळत नाही, हे दादाला मी जरा उशिरानं सांगितलं.

बेळगावात उद्यमबागेत थांबलो. ट्रॉलीच्या हुकाची पिन झिजली होती. लेथवर बसलेल्या मामांनी जुनी पिन बोटांत फिरवली आणि एका बाजूची झीज दाखवली. ओढताना पिनेची पुढची बाजू खाल्ली जाते, उतारावर ट्रॉली ढकलते तेव्हा मागची. आमच्या पिनेची मागची बाजू जास्त खाल्लेली होती. "ट्रॉलीला ब्रेक न्हाईत न्हवं?" त्यांनी न बघताच ओळखलं. नाहीत. आपल्याकडे अशा किती ट्रॉल्यांना असतात? ते साडेतीन टनांचे आकडे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तरच लागू होतात. बिनब्रेकचा ट्रेलर युरोपात आणि ऑस्ट्रेलियात साडेसातशे किलोच्या वर चालत नाही. त्या हिशेबानं आमची वरात तिथं पहिल्याच चौकात अडवली असती.

जांबोटीपासून जंगल सुरू झालं. कणकुंबीला, मलप्रभा उगवते त्या गावात, चहा घेतला आणि घाट उतरायला लागलो. दादा दुसऱ्या गिअरच्या वर गेला नाही. इंजिनच्या घुरघुरीवर गाडी धरलेली, ब्रेकवर पाय नावापुरता. हायब्रिडची जाहिरात इथंच तर असते, उतारावर मोटरच जनरेटर होऊन वीज साठवते. मी मनातल्या मनात हिशेब घातला. गाडी, ट्रॉली, माणसं मिळून चार टन आणि घाटाचा उतार सहाशे मीटर धरला, तर साडेसहा युनिट ऊर्जा होते. चाकांच्या घर्षणात जाईल ते सोडलं तरी चारेक उरतील. टॅकोमाची बॅटरी १.८७ युनिटची. म्हणजे निम्मा घाट बाकी असतानाच ती काठोकाठ भरणार, आणि मग धरून ठेवायला पुन्हा इंजिन आणि ब्रेक. रेंजरची ११.८ युनिटची बॅटरी हे सगळं पोटात घेईल, पण वर निघताना ती रिकामी असायला हवी. घाटमाथ्यावर येताना बॅटरी मुद्दाम रिकामी ठेवणारा ड्रायव्हर मी तरी पाहिलेला नाही.

लग्न झालं. त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही, जेवण चांगलं होतं.

परतीची चढण मात्र सांगायला हवी. एका वळणावर पुढचा ट्रक दमला आणि थांबला. त्याच्यामागे आम्ही, आमच्यामागे रांग. मी उतरून ट्रॉलीच्या चाकाला दगड लावला. ट्रक हलला तेव्हा दादानं क्लच अर्धा सोडून गाडी उचलली आणि जळक्या क्लचचा वास आत आला. काच खाली करायची गरजही पडली नाही. इलेक्ट्रिक मोटर हवी ती नेमकी इथं. डिझेलला जोर यायला फेरे वाढावे लागतात, मोटर शून्यापासूनच जोर देते. त्या एका वळणासाठी मी हायब्रिडला पूर्ण गुण देतो. पण वळण दहा सेकंदांचं आणि चढ अर्ध्या तासाचा. छोटी बॅटरी चढाच्या सुरुवातीलाच संपते, पुढं सगळं इंजिनवरच, आणि बॅटरीचं वजन मात्र माथ्यापर्यंत सोबत येतं. रोज बेळगावच्या ट्रॅफिकमध्ये फिरणाऱ्याला ती डिझेल वाचवून देईल. दोन टन मागे लावून घाट चढणाऱ्याला फारसं नाही.

हे सगळं ऐकून दादा म्हणाला, "मग कशाला डोकं खाल्लंस?"

डोकं खाल्लं ते एका वेगळ्या कारणासाठी. रेंजरच्या हौद्यात प्लग आहेत आणि त्यातून ६.९ किलोवॅटपर्यंत वीज घेता येते. शार्कमधूनही साडेसहाच्या आसपास मिळते. बारसं, साखरपुडा, गल्लीतलं हळदीकुंकू, यांना किती वीज लागते? एलईडीच्या माळा, चार हॅलोजन, एक छोटा साउंड, पंखे. सात किलोवॅटात आरामात बसतं. म्हणजे अशा कामांना जनरेटर न्यायचाच नाही. ट्रॉली नाही, पिन नाही, चाकाला दगड नाही, आणि पाहुण्यांच्या कानात धडधडही नाही.

दादा बराच वेळ गप्प होता. मग कणकुंबीच्या चेकपोस्टजवळ त्यानं खिशातली वही काढली आणि गेल्या हंगामाच्या ऑर्डरी चाळायला लागला. लग्नं एका पानावर, किरकोळ कार्यक्रम दुसऱ्यावर. किरकोळची यादी लांब होती, पैसे लग्नांचे जास्त होते. "लग्नाला एसी हॉल असतोय," तो म्हणाला, "तिथं तुझे सात किलोवॅट चहाला पण पुरायचे न्हाईत." खरंच होतं. साडेबासष्टचा जनरेटर पन्नास किलोवॅट देतो, तो लागणारच, आणि त्याला ओढायला डिझेल.

"तवर ही चालवू," असं म्हणून त्यानं डॅशबोर्डवर थाप मारली, आणि बेळगावात क्लचप्लेट किती पडेल हे विचारायला फोन लावला.