सोळा किलोमीटरचा कागद

ठाण्यात आलेला कागद ज्या रजिस्टरात चढतो, त्याला बारनिशी म्हणतात. कागद बारनिशीत चढला तर आला. नाही चढला तर तुम्ही तो डोक्यावर घेऊन ठाण्याभोवती फेऱ्या मारा, तो आलेला नसतो. माझ्या लहान बहिणीला कोर्टानं नवऱ्याविरुद्ध दिलेल्या संरक्षण आदेशाची आमच्या गावच्या ठाण्यातली नोंद एका सोमवारची आहे. ती आणि माय, दोघी त्याच्या आधीच्या शुक्रवारी जिवानिशी गेल्या.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावची एक बाई माझ्या दुकानात आली. मी शिलाईचं काम करते, तालुक्याच्या गावी. ब्लाउजचं कापड द्यायला आली होती, पण पिशवीतून निघाला तिचा तसाच आदेश, तीन पानांचा, प्लास्टिकच्या कागदात जपलेला. मी विचारलं, "पोच कुठं आहे?" तिला पोच म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. बहिणीच्या वेळी मलाही नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

आमचा तालुका पैनगंगेच्या अलीकडचा. नदी ओलांडली की मराठवाडा, बहीण तिकडं दिली होती. सुरुवातीला थापड, मग पट्टा, मग पोरीसमोर गळा दाबला, तेव्हा ती रात्रीच निघाली. पोरगी पाच वर्षांची. पहाटे मायच्या दारात दोघी उभ्या. मी माहितगारांना विचारलं तर जो तो म्हणे, केस तिकडं सासरच्या तालुक्यात लावावी लागते. हे खरं नाही. बाई जिथं राहते, तात्पुरती का असेना, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. या एका गैरसमजात आमचे वीस दिवस गेले. त्यात तंटामुक्तीवाल्यांनी एकदा बैठक बसवली. जवाई आले, सगळ्यांच्या पाया पडले, चहा झाला. त्या बैठकीबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

संरक्षण अधिकारी मॅडम चांगल्या भेटल्या. त्यांनी घटना अहवाल भरून घेतला, एक रुपया लागला नाही. वकील तालुका विधी सेवा समितीनं दिला, तोही फुकट. बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कितीही कमावती असली तरी वकील मिळतो. १५१०० ला फोन केला तरी सांगतात. कायद्यात म्हटलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा. आमची पहिली तारीख तेराव्या दिवशी लागली. बहिणीच्या नवऱ्याला नोटीस लागली नाही, "इसम पत्त्यावर मिळून आला नाही" असा शेरा परत आला. मिळून येणार कसा, इसम आमच्याच गावाच्या फाट्यावर बसलेला असायचा. तरी दुसऱ्या तारखेला न्यायाधीश मॅडमनी त्याच्या गैरहजेरीत अंतरिम आदेश दिला. गैरअर्जदारानं मारहाण करू नये, अर्जदार राहते त्या घरी, कामाच्या जागी, पोरीच्या शाळेत जाऊ नये, फोन करू नये. सोमवार होता. मी कोर्टाच्या बाहेर पाव किलो पेढे घेतले. आज ते आठवलं की तोंडात माती येते, पण घेतले होते.

संरक्षण अधिकारी मॅडम म्हणाल्या होत्या की काही दिवस सखी केंद्रात, म्हणजे पीडित बायांसाठीच्या सरकारी केंद्रात ठेवा, किंवा निदान गावाबाहेर. बाई घर सोडते आणि कोर्टात जाते, तेव्हाच माणूस जास्त बिथरतो. पण वावरात सीतादहीची पूजा करून कापसाचा वेचा सुरू झाला होता. दुसरा वेचा तोंडावर, मजूर मिळेना, माय एकटी. बहीण म्हणाली, "वेचा संपला का येतो मी तुह्याकडं." मी म्हटलं, "जाय. ऑर्डर हाय ना आता." हे माझं वाक्य आहे, दुसऱ्या कोणाचं नाही.

आता मुख्य गोष्ट. आदेश झाला की त्याची प्रत दोन्ही पक्षांना आणि पोलीस ठाण्याला फुकट द्यायची, हे कलम २४. मला वाटलं पोलीस ठाणं म्हणजे आमचं ठाणं. पण कायद्यात लिहिलंय, अर्ज ज्या ठाण्याच्या हद्दीत केला त्या ठाण्याला. कोर्ट तालुक्याच्या गावी, म्हणजे शहराच्या ठाण्याच्या हद्दीत. बहीण राहायची ते गाव दुसऱ्या ठाण्याखाली, सोळा किलोमीटरवर. कोर्टानं आपलं काम नियमानं केलं, शहरच्या ठाण्याला प्रत पाठवली. ती प्रत तिथून आमच्या ठाण्याला कोणी, कधी, कशी न्यायची, याचा विचार त्या सोमवारी कोणीच केला नव्हता. ना वकिलानं, ना मी.

गुरुवारी मी नक्कल घेऊन गावच्या ठाण्यात गेले. शिक्का, सही, सगळं होतं. ठाणे अंमलदार जेवणाचा डबा उघडत होते.

"आमच्याकडं असं काही आलं नाही ताई."

"हे काय मग, माह्या हातात."

"तुमच्या हातात आलं, आमच्या नाही. कोर्टाकडून रीतसर येऊ द्या."

"तोवर तो आला तर?"

"तर एकशेबारा लावा."

मी म्हटलं, निदान झेरॉक्स तरी ठेवा. त्यांनी घेतली, टेबलाच्या काचेखाली सरकवली. खाली आधीच कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती. मी पोच मागितली नाही. पाच वाजताची एसटी चुकली असती तर रात्री काळी-पिवळी मिळत नाही, आणि घरी दोन ब्लाउज द्यायचे होते. मी पळाले.

मंगळवारी तो थेट वावरात आला. बहिणीनं धुऱ्यावरून ११२ लावला. गाडी आली, वेळेवर आली हेही सांगते. त्याला ठाण्यात नेलं. मी दुकान बंद करून पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती आणि तो बाहेर पानटपरीवर उभा होता. आत विचारलं. "समज देऊन सोडलं." एनसी घेतली होती, अदखलपात्र. मी आदेश टेबलावर आपटला. दुसरे जमादार होते त्या दिवशी. म्हणाले, "बाई, आम्ही कोणत्या आधारावर आत ठेवू? आमच्या रेकॉर्डला ऑर्डरच नाही." काचेखाली बोट दाखवलं. पत्रिका होती. झेरॉक्स नव्हती.

आज मला तोंडपाठ आहे, तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून नीट वाचा: संरक्षण आदेश मोडणं हा कलम ३१ खाली वेगळा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो दखलपात्र आहे आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे मंगळवारी एनसी लिहायचा प्रश्नच नव्हता. हे वाक्य मला त्या टेबलाशी म्हणता आलं असतं तर जमादार काय म्हणाले असते, याचा मी रात्री विचार करते. बहुतेक तेच म्हणाले असते. पण म्हणायला हवं होतं.

बुधवारी कोर्टात. कारकुनानं जावक दाखवली, शांतपणे, वैतागला नाही. प्रत गेली होती. तिथून शहरच्या ठाण्यात. तिथं बारनिशीवरचे अंमलदार बंदोबस्ताला गेलेले. जागी बसलेला पोरगा म्हणाला, "तुमच्या ठाण्याच्या टपालात टाकलं असंल." टपाल कधी जातं? "गाडी गेली का जाते." गाडी कधी जाते? त्यानं पंख्याकडं पाहिलं. मी म्हटलं मीच नेऊन देतो, द्या माझ्याजवळ. "असं देता येत नाही." गुरुवारी परत. ते अंमलदार भेटले, म्हणाले रवाना झालंय. रवाना म्हणजे त्यांच्या रजिस्टरातून निघालं. कागद स्वतः टेबलाच्या डाव्या बाजूच्या गठ्ठ्यात होता की कसं, देव जाणे. मी तो गठ्ठा पाहिला होता, सुतळीनं बांधलेला. त्यात हात घालायची माझी हिंमत झाली नाही.

शुक्रवारी सकाळी पोरगी शाळेत होती. बहीण पाण्याचा गुंड घेऊन अंगणात आली होती. माय मधे पडली. यापुढचं मी कोर्टात सांगितलंय, इथं सांगत नाही. तो त्याच दिवशी सापडला, केस सेशन कोर्टात सुरू आहे.

तेराव्यानंतर मी माहितीचा अधिकार लावला. पहिला अर्ज चार पानी लिहिला, रडत रडत, तो परत आला. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. मग तीनच प्रश्न लिहिले: आदेश शहर ठाण्यात कधी आला, पुढं कधी पाठवला, गावच्या ठाण्यात कधी नोंदला. तीस दिवसांनी उत्तर, तपास चालू असल्यानं माहिती देता येत नाही. अपील केलं, वीस रुपयांचं तिकीट. अपिलात साहेबांनी उत्तर द्यायला लावलं. शहर ठाण्यात आवक, गुरुवार. गावच्या ठाण्यात आवक, त्याच्या पुढच्या आठवड्यानंतरचा सोमवार. अकरा दिवस, सोळा किलोमीटर. पोळ्याचा थकलेला बैलही एका दिवसात जाऊन येतो. माझ्या झेरॉक्सबद्दल वेगळा अर्ज केला, त्याचं उत्तर एका ओळीचं: सदर दिनांकास अशी प्रत प्राप्त झाल्याची नोंद अभिलेखात आढळून येत नाही. खोटं नाही ते. नोंद नाहीच.

त्या ब्लाउजवाल्या बाईला मी जे सांगितलं ते आठवेल तसं लिहिते. अर्जाच्या शेवटी जिथं मागणी लिहितात, तिथंच वकिलाला लिहायला लावा की प्रत अमुक ठाण्यालाही द्यावी, गावाच्या ठाण्याचं नाव घालून. आदेश झाला की आपली नक्कल स्वतः न्या, सोबत साधा अर्ज जोडा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही घ्या. नाही म्हणाले तर स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावतीसह, ठाणेदाराला एक आणि पोलीस अधीक्षकांना एक. गुन्हा नोंदवायलाच नकार दिला तरी अधीक्षकांना लेखी कळवता येतं. संरक्षण अधिकाऱ्यांना त्याच दिवशी सांगा, आदेश मोडल्याची तक्रार त्यांच्यामार्फतही जाते. मी मंगळवारी मॅडमना फोन केला नाही, त्यांच्याकडं दोन तालुके आहेत, कशाला त्रास, असं वाटलं.

आणि हो, हे आधी सांगायचं राहिलं. गळा दाबला असेल तर वळ दिसत नसले तरी ग्रामीण रुग्णालयात जा आणि "गळा दाबला" हे शब्द कागदावर लिहून घ्या. ज्यानं एकदा गळा धरला तो पुढं जीव घेण्याचा धोका फार जास्त असतो. बहिणीच्या कागदावर डॉक्टरनं "मारहाण" एवढंच लिहिलं होतं. पोलीस पाटलाला आदेशाची एक झेरॉक्स द्या. फोन आले तर उचलू नका पण पुसूही नका. १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलून घ्या. आणि कापूस राहू द्या वावरात.

पोरगी आता माझ्याकडं असते. दुसरीत आहे. तिच्यासाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज केला, महिन्याला २,२५० रुपये मिळतात. बाल कल्याण समितीसमोर तिला नेलं तेव्हा तिनं आपलं नाव नीट सांगितलं, आजीचंही सांगितलं. कागद दाखल करायला खिडकीवर गेले तर बाबू पाहून म्हणाले, "ठेवा ताई इथं, मी पाहतो."

मी म्हटलं, दुसरी प्रत आहे, यावर शिक्का द्या.

"एवढ्याशा कागदाची पोच कायले पाहिजे तुम्हाले?"

मागं रांग होती. कोणीतरी चुकचुकलं. शेवटची एसटी साडेपाचची होती आणि पाच वाजून गेले होते. पोरीचा हात धरून मी खिडकीशी उभी राहिले. त्यांनी शिक्का शोधला, तारीख फिरवली, आवक क्रमांक टाकला. मी तो मोठ्यानं वाचून घेतला. एसटी गेली. आम्ही ऑटोनं आलो, ऑटोवाल्यानं तिप्पट घेतले.