सोळा दश्श्या आणि इन्शुरन्स
आज दुपारी मन्याकडे कोथरूडला पत्ते कुटत बसलो, साहेब गोव्याच्या कॅसिनोत ब्लॅकजॅक खेळायला जायचंय म्हणून कार्ड काउंटिंग शिकतायत, म्हणजे गेलेल्या पत्त्यांवरून उरलेले कसे आहेत ते ताडायचं. दुर्री ते छक्की निघाली की अधिक एक, 7-8-9 शून्य, दश्शी चित्र एक्का गेला की उणे एक, वर ती बेरीज उरलेल्या कॅटांनी भागायची, आणि काकूंनी आतून चहाचं विचारलं की सगळी बेरीज गुल 😂

मला खरी गंमत इन्शुरन्सची वाटली. डीलरचा एक्का उघडा, तो गोड बोलून विचारतो इन्शुरन्स घेणार का? म्हणजे त्याचा झाकलेला पत्ता दहाच्या किमतीचा आहे यावर वेगळी पैज. आता एकच कॅट धरा, उरले 51, त्यात दहाच्या किमतीचे (दश्श्या आणि चित्रं) 16, आणि जिंकलात तर लावलेले परत, वर त्याच्या दुप्पट, म्हणजे नुसती बरोबरी साधायला 17 हवेत. हा जो एक पत्ता कमी आहे ना, त्यावरच कॅसिनोची कमाई! काउंट चांगला वर गेला, म्हणजे दश्श्या भरपूर उरल्या, तरच घ्यायचा. परफेक्ट पेअर्सला, म्हणजे आपल्या पहिल्या दोन पत्त्यांची जोडी लागेल या पैजेला, तर या काउंटचा फारसा उपयोगच नाही, जोडी लागायचीय, दश्शी नाही. आणि सतत पिसणारं मशीन असलं की मग काउंटही पाण्यात.

मन्या म्हणतो, मग मी तिकडे जाऊन करू काय?
म्हटलं मासे खा.