सहावं पान

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मालिका लिहिणाऱ्या कुणालाही हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतसुद्धा चुकत नाही: ‘तुमची नायिका एवढी शिकलेली, मग एक वाक्य बोलून मोकळी का होत नाही? दोन मिनिटांत मिटेल ते दोन महिने चालतं. कादंबऱ्यांतल्या बायका बघा, शंभर वर्षांपूर्वी हिच्यापेक्षा धीट होत्या.’

कादंबऱ्यांबद्दल म्हणता ते बरंचसं खरं आहे. पण त्यावरून लिहिणारे मागासलेले आणि बघणाऱ्या बायका रडव्या असा निकाल लावून लोक मोकळे होतात, ते काही खरं नाही. मालिका बनते कशी, ते आधी बघा.

अर्ध्या तासाचा भाग म्हणजे जाहिराती वजा जाता २०-२२ मिनिटं. आठवड्याला सहा भाग, कधी सात. आधी वनलाइन, म्हणजे कोणत्या सीनमध्ये काय घडतं ते एकेका ओळीत. ती वाहिनीने मंजूर केली की पटकथा, मग संवाद. बहुतेक वेळा तीन कामं तीन वेगळी माणसं करतात. पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे कथेचा ओघ, ठरलेला असतो, शेवट मात्र कुणालाच माहीत नसतो. मालिका चार महिन्यांत गुंडाळली जाईल किंवा पाच वर्षं चालेल. नायिकेचा स्वभाव इथेच ठरतो. ठरवून टाकणारं माणूस गोष्ट संपवतं, आणि इथे तर गोष्ट संपवायची नाही. मग तिच्याकडून निर्णय काढून घेतला जातो.

कसा, ते सांगते. समजा, सुनेला बढती मिळाली आणि नागपूरला जायचंय. तुमच्याआमच्या घरात त्याच रात्री विषय निघेल, वादावादी होईल, रविवारपर्यंत काहीतरी ठरेल. मालिकेत सोमवारी फोन येतो तेव्हा ती गॅसपाशी असते आणि दूध उतू जातं. जिन्यात उभ्या सासूच्या कानावर अर्धंच वाक्य पडतं: ‘मला इथून जायचंय...’ तिथे चित्र गोठतं, भाग संपतो. मंगळवारी सगळ्यांच्या रिॲक्शन. घरात नऊ माणसं असली की चेहऱ्यांचे नऊ क्लोजअप आणि खाली संगीत, मिनिटभर संवाद लिहावाच लागत नाही. बुधवारी ती सांगायला तोंड उघडते आणि आजेसासऱ्यांच्या छातीत कळ येते. गुरुवारी देवघर. मनातलं दाखवायला कॅमेऱ्याकडे दुसरी फारशी सोय नाही, म्हणून मराठी नायिका देवाशी एवढं बोलते. शुक्रवारी घरातली दुसरी बाई तिच्या फोनवरून परस्पर नकार कळवते. शनिवारी नायिका म्हणते, ‘मी कुठेही जात नाहीये,’ आणि सगळ्यांचे डोळे भरून येतात.

या सहा भागांत एकानेही तिला ‘जाऊ नकोस’ म्हटलेलं नाही. म्हणालं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. समाजाची अपेक्षा पडद्यावर तोंडाने बोलली जात नाही, तिचं काम दुधाचं पातेलं आणि छातीतली कळ करतात.

शुक्रवारची ती दुसरी बाईही बघून ठेवा. खलनायिका गाडी चालवते, हिशेब करते, आखते आणि तडीस नेते. नायिकेने काही करायचं नाही म्हटल्यावर कथा पुढे ढकलायला कुणीतरी हवंच. सगळी कर्तबगारी तिच्या पदरात पडते, आणि वर्षानुवर्षं बघून बघून डोळ्यांना सवय होते की जी ठरवते ती वाईट.

आता सेट. दिवाणखाना, स्वयंपाकघर, देवघर, जिना आणि दोन बेडरूम एवढं कायमचं उभं असतं. दिवसाला साधारण एक भाग संपवायचा, म्हणजे दहाएक सीन. ऑफिस दाखवायचं तर वेगळी जागा, मागे टेबलांवर बसायला माणसं, युनिटची ने-आण आणि अर्धा दिवस लायटिंगमध्ये. म्हणून नोकरी कळते ती खांद्यावरच्या पर्सवरून आणि ‘येते मी’वरून. उलट मसाले, लोणची, डबे, शिवणकाम हे धंदे स्वयंपाकघराच्या सेटवरच होतात. स्वतःच्या पायावर उभी राहणारी नायिका इतक्या वेळा मसालेच का कांडते, याचं उत्तर अर्धं संस्कृतीत आहे आणि अर्धं बजेटमध्ये.

टीआरपीला सगळे शिव्या घालतात, म्हणून थोडक्यात. कोणता कार्यक्रम किती बघितला जातो ते मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेची मीटरं देशभरात ५० हजारांहून अधिक घरांत आहेत. कोण बघतंय ते घरातल्यांनी आपापलं बटण दाबून नोंदवायचं. आकडे गुरुवारी येतात. नायिकेने कुणाला सुनावलं की प्रोमो चालतो, हे वाहिनीलाही ठाऊक असतं. म्हणूनच ते सुनावणं जपून वापरतात. एकदा बोलली की पुढच्या आठवड्यात तिला अपराधी वाटायला लावून परत पहिल्या घरात आणायचं, म्हणजे पुन्हा कधी सुनावता येईल.

कादंबरीशी तुलना करताना लोक म्हणतात, हप्त्याहप्त्याने लिहिलं की असंच होणार. मला पटत नाही. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशःच आली. पण तिथे नायिका यमू स्वतः ‘मी’ म्हणून बोलते. बाहेर ती काही करू शकत नाही, विधवा होते, केस काढले जातात, तरी आत तिचं काय चाललंय ते वाचणाऱ्याला कळतं. पडद्याला हा ‘मी’ नाही. तो डोळ्यांतून आणि मौनातून दाखवायला वेळ लागतो, आणि त्या वेळात आपण नऊ क्लोजअप बसवलेले असतात.

१९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात इतकं उघड होतं की गदारोळ उठला आणि ही शिरूरकर म्हणजे नेमकं कोण याचा शोध सुरू झाला. मालतीबाई बेडेकरांना टोपणनाव घेणं भाग पडलं होतं, पात्रं मात्र बोलून गेली. आज लेखिकांची नावं श्रेयनामावलीत राजरोस येतात, दोन सेकंद टिकतात, आणि गप्प बसायची पाळी पात्रावर आलीय.

टीव्हीवर वेगळं काही झालंच नाही असंही नाही. दूरदर्शनची ‘दामिनी’ पत्रकार होती. १९९९ च्या ‘आभाळमाया’त प्राध्यापक सुधा जोशीच्या संसारात दुसरी बाई आली तरी सुधाचं काम आणि तिचा आब कथेत शाबूत राहिला. अलीकडचं म्हणजे २०१९ ला सुरू झालेली ‘आई कुठे काय करते!’. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’, त्याच गोष्टीवर हिंदीत ‘अनुपमा’. वेगवेगळ्या भाषांतल्या घरांनी ती आपली म्हणून बघितली, यातच घरकामाला कुणी काम म्हणत नाही ही तक्रार कुठवर पोचली होती ते कळतं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अरुंधतीला नवऱ्याचं प्रकरण कळतं आणि पुढे ती खरोखर घटस्फोट घेते. मराठी मालिकेच्या मानाने हे मोठं पाऊल होतं. पण घटस्फोटानंतरही गोष्ट देशमुखांच्या ‘समृद्धी’ बंगल्याभोवतीच फिरत राहिली. फिरणारच. सेट तिथे उभा, सगळी पात्रं तिथे, बाकी कलाकारांच्या तारखा तिथल्या. बाई घराबाहेर पडली तरी निर्मितीला घर सोडून परवडत नाही.

मग लिहिणाऱ्याच्या हातात काय उरतं? ट्रॅक नाही, सेट नाही. संवादलेखकाकडे क्रियापद असतं: ‘विचारून सांगते’ की ‘ठरवून सांगते’. हे सहसा कुणी खोडत नाही, कारण एवढं बारीक वाचायला कुणाला वेळ नसतो.

आणि पटकथेत जेवणाचा सीन. यात चूक हमखास होते. सगळे टेबलावर, नायिका वाढतेय. दिग्दर्शकाला यात वाईट काहीच दिसत नाही, उलट सोयीचं वाटतं: बसलेल्या माणसांमध्ये एक उभं, हलतं पात्र असलं की फ्रेम जिवंत राहते, कॅमेरा तिच्यामागून सगळ्यांच्या चेहऱ्यांवर फिरतो. नुसतं ‘सर्वजण जेवत आहेत’ लिहिलंत तर ती उभीच राहणार. म्हणून स्पष्ट लिहायचं: ‘भांडी टेबलाच्या मधोमध. ज्याचं त्याने वाढून घ्यायचं. पानं सहा, ती बसलेली, अर्धी पोळी खाऊन झालेली.’ अर्धी पोळी लिहिणं महत्त्वाचं, कारण मग ती कंटिन्युटीत, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्यात तसंच राहावं म्हणून ठेवलेल्या नोंदीत, जाते आणि पुढच्या शॉटला तिला उठवता येत नाही. हे लिहिलं नाही, तर सेटवर पाचच पानं मांडली जातात.