गट क्रमांक नसलेली वाट

गेल्या दिवाळीनंतर मी एका ग्रामपंचायतीचा सचिव म्हणून शेजारच्या ग्रामपंचायतीला शिवेवरच्या पडीक जमिनीबद्दल पत्र लिहिले. तिचा अतिरिक्त प्रभार माझ्याकडेच असल्यामुळे दुसऱ्या दिवशी ते पत्र मीच तिथल्या आवक नोंदवहीत चढवले, मीच पोच दिली आणि चार दिवसांनी मीच उत्तरही पाठवले. बाहेरच्यांना हसू येईल. आम्हा ग्रामसेवकांना त्यात नवल वाटत नाही.

वर्धा जिल्ह्यात आर्वीकडची ही दोन्ही गावे पूर्वी एकाच गट ग्रामपंचायतीत होती. विभाजन झाले तेव्हा कपाटे आणि खुर्च्या वाटून झाल्या, पण शिवेवरची १४ हेक्टर जमीन वाटता आली नाही, कारण सातबारा वरच्या गावचा आणि निस्तार, म्हणजे चराई-सरपणासारख्या गरजांसाठी ती वापरण्याचा हक्क, दोन्ही गावांचा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधले बिनभोगवट्याच्या, म्हणजे कोणाच्या भोगवट्यात नसलेल्या, जमिनींवरील हक्कांचे प्रकरण फक्त विदर्भाला लागू आहे, हे प्रशिक्षणाला येणाऱ्या बाहेरच्या साहेबांनाही सांगावे लागते. कलम १६१ चे निस्तारपत्रक म्हणजे गावाने पडिकातून चराई, सरपण, मुरूम, माती काय आणि कोणत्या अटीवर घ्यावे याची जिल्हाधिकाऱ्यांनी गावकऱ्यांचे म्हणणे घेऊन ठरवलेली लेखी योजना. कलम १६४ प्रमाणे एखाद्या गावचे पडीक अपुरे पडत असेल तर जिल्हाधिकारी त्या गावाला शेजारच्या गावच्या पडिकात निस्ताराचा किंवा चराईचा हक्क देऊ शकतात. या जमिनीचे जुने पत्रक मी अभिलेख कक्षात तीन खेपा घालून शोधून काढले होते आणि त्याचा मला अभिमान होता, हे आधीच कबूल करतो.

एकूण १४ हेक्टरांपैकी ५ हेक्टरांवर झुडपी जंगलाची नोंद आहे. नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांमधल्या झुडपी जंगल जमिनी वनजमीनच आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिल्यापासून त्या तुकड्याकडे बोट दाखवायचीही सोय राहिलेली नाही. शिवाय त्याच्या कडेने जुना चर खोदलेला आहे. उरलेल्या ९ हेक्टरांत वरच्या गावची पाण्याची टाकी, खालच्या गावचे स्मशानशेड, दोघांचे मैदान आणि दोघांचा वैरणीचा प्लॉट असा आराखडा मी लोकसंख्येच्या प्रमाणात बसवला. कागदावर तो इतका चोख बसला होता की माझे मलाच कौतुक वाटले.

शिवारफेरीच्या दिवशी सकाळी सात वाजता दोन्ही सरपंच, कोतवाल आणि मी मोजणीच्या नकाशाची क-प्रत हातात धरून निघालो. वैरणीच्या प्लॉटच्या कोपऱ्यावर चुना मारलेला खुटा होता. तिथे पोहोचतो न पोहोचतो तोच दोन्ही गावांच्या आखरांवरून, म्हणजे गुरे जमवण्याच्या जागांवरून, गोळा केलेली ऐंशीएक जनावरे घेऊन ढोरकी (गुराखी) आला आणि खुट्याजवळ काठी टेकून उभा राहिला.

"सायेब, हा खुटा ढोरायच्या वाटेत हाये. पानी कोठून पाजू मी?"

मी खाली पाहिले. मुरमात वीतभर रुंदीच्या सात-आठ वाटा एकमेकींना समांतर, नाल्यातल्या डोहाकडे उतरत गेलेल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या बाभळींची खोडे कमरेएवढ्या उंचीवर अंग घासून घासून गुळगुळीत झालेली, आणि सालीच्या भेगांत गौळाऊ गाईंचे पांढरे केस अडकलेले. नकाशावर तिथे काहीही नव्हते. झुडपी जंगलाच्या बाजूने चर आणि या बाजूने माझे तारेचे कुंपण, म्हणजे डोह बंद.

पिशवीतली पत्रकाची छायाप्रत काढली. तिसऱ्या पानावर 'गुरांचे पाण्यास जाणेची वाट' अशी ओळ होती. मी ती वाचली होती. गट क्रमांक नाही म्हणून सोडून दिली होती. त्याहून लाजिरवाणे हे की, ज्या कलम १६४ चा हवाला मी प्रत्येक पत्रात दिला, त्याच्या पुढच्याच पोटकलमात अशा हक्कासाठी लागणाऱ्या वाटेची नोंद करून घेण्याची तरतूद आहे. मी पहिले पोटकलम वाचून थांबलो होतो.

दुपारी संयुक्त सभा झाली. वरच्या गावचे सरपंच टाकी हलवायला तयार नव्हते. खालच्या गावच्या सरपंचबाईंच्या वतीने नेहमीप्रमाणे त्यांचे यजमान बोलत होते (हा रोग कोणत्या परिपत्रकाने बरा होणार, देव जाणे) आणि ते स्मशानशेडवर अडून बसले. शेवटी बाईच म्हणाल्या, "वाट नाही ठेवली त मंग त्या वैरनीच्या प्लाटाचा उपेग कोनाले?" यजमान गप्प झाले. वैरणीचा प्लॉट मधोमध कापून वीस फुटांची वाट सोडावी, असा ठराव दोन्ही प्रोसिडिंग बुकांत माझ्याच अक्षरात लिहिला गेला.

प्लॉटचे दोन तुकडे झाल्याने कुंपणाची लांबी वाढली, अंदाजपत्रक वाढले आणि प्रस्ताव वरून त्रुटी लावून परत आला. खर्चाबद्दल एक अक्षर नाही. त्रुटी एकच, सोडलेल्या वाटेचा गट क्रमांक नमूद करावा. ही त्रुटी काढणारा माणूस कधी गुरांमागे चालला असेल असे वाटत नाही, पण तसे म्हणण्याचा अधिकार मला आहे का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. खुटा मी त्याच दिवशी उपटून ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात ठेवला. आता वाटेच्या नोंदीचा अर्ज खालच्या गावच्या रहिवाशांनी करायचा आणि त्याला वरच्या गावची ना-हरकत जोडायची आहे. ना-हरकत मागणारे पत्र मी सोमवारी लिहिले. वरच्या गावच्या आवक नोंदवहीत ते चढवायचे अजून राहिले आहे.