दोराच्या खाचा

वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनातून बाहेर आलं की दोन-चार मिनिटांत पाणी दिसतं. लंडनवाले या जागेला लिटल व्हेनिस म्हणतात. नावावर फार जाऊ नये. पुण्यात 'हिल व्ह्यू' नावाची सोसायटी असते आणि टेकडी समोरच्या इमारतीमागे दडलेली असते, त्यातलाच प्रकार. पण रंगवलेल्या लांबोडक्या होड्या आहेत, एकीच्या टपावर कुणीतरी कुंडीत पुदिना लावलाय, आणि शनिवारी सकाळी तेवढं मला पुरतं.

हा रीजंट्स कॅनॉल. १८२० साली पुरा झाला. इथून थेम्सपर्यंत जवळजवळ १४ किलोमीटर जातो. मी चालतो तो त्यातला आळशी माणसाचा तुकडा. चढ नाही, दम लागत नाही. सांभाळायचं ते फक्त सायकलवाल्यांना. ते घंटी वाजवतात आणि आपण बाजूला होण्याआधीच 'थँक्यू' म्हणून मोकळे होतात. मेडा हिलच्या बोगद्यापाशी मात्र वर यावं लागतं, कारण आत पायवाटच नाही. पूर्वी होड्या घोडे ओढायचे. बोगदा आला की घोडा वरच्या रस्त्याने न्यायचा आणि माणसांनी होडीत उताणं पडून, भिंतीला पाय लावून, होडी पलीकडे काढायची. निजून चालणं म्हणा ना. मी वरून जातो आणि वाटेत कॉफी घेतो.

पुन्हा खाली उतरलं की वारकरी भेटतात. पक्षी हो! काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. उजनीच्या पाण्यावर दिसतात तेच. इथल्या एका जोडप्याने घरटं बांधलंय ते काड्या, चिप्सचं पाकीट आणि निळ्या प्लॅस्टिकच्या हातमोज्याचं. मादी त्यावर अशी बसते, जणू पैठणीवरच बसलीय.

रीजंट्स पार्कच्या कडेला मॅकल्सफील्ड ब्रिज लागतो. लोकांच्या तोंडी त्याचं नाव 'ब्लो-अप ब्रिज'. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे 'टिलबरी' नावाची होडी याखालून चालली होती. होडीत साखर होती, पेट्रोलियम होतं, आणि सुमारे पाच टन बंदुकीची दारू. पुलाखाली येताच स्फोट झाला. होडीवरची तीन माणसं गेली, पूल उडाला. पुलाचे ओतीव लोखंडाचे खांब मात्र शाबूत राहिले, म्हणून नवा पूल त्याच खांबांवर उभा केला. फक्त खांब फिरवून बसवले. कारण वाटेकडच्या बाजूला होड्यांचे दोर घासून घासून खाचा पडल्या होत्या. मग कोऱ्या बाजूलाही दोर घासत राहिले, आणि आता दोन्हीकडे खाचा आहेत.

मी दर वेळी त्यात बोट घालतो. एक-दोन खाचांत पेर सहज मावतं. आतून लोखंड गुळगुळीत, काचेसारखं. ओला दोर लोखंड कापतो हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण हा स्पर्श माझ्या ओळखीचा होता. आजोळच्या विहिरीचा काठ. काळ्या दगडावर अशाच खाचा, आणि आजी पोहरा सोडताना दोर नेमका त्यातल्याच एकीत बसवायची.

प्राणिसंग्रहालय आलं की मी कालवा सोडून बागेत शिरतो. ब्रॉड वॉकवर एक पाणपोई आहे. पाणपोई म्हणतोय, पण दिसते देवळासारखी: संगमरवर, लालसर ग्रॅनाइट, निमुळतं शिखर. ही १८६९ साली मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनींनी दिली. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह ज्यांच्या देणगीतून झालं, तेच हे. घराणं व्यापाऱ्यांना रोकडा पैसा पुरवायचं, म्हणून आडनावच रेडीमनी. शिलालेखात 'मुंबईचे एक धनाढ्य पारशी गृहस्थ' असं स्वच्छ कोरलंय, म्हणजे वाचणाऱ्याला शंका नको. इंग्रजी राज्यात पारशांना संरक्षण मिळालं, त्याची ही कृतज्ञता. कोरीवकामात एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल. तो बैल इथल्या हिरवळीत मला जरा एकटाच वाटतो. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही प्यावं म्हणून मुंबईच्या माणसाने लंडनला पाणी दिलं, एवढं वाचून मी पहिल्यांदा उगाचच छाती फुगवली होती.

तिथून प्रिमरोझ हिल ओलांडली की किंग हेन्रीज रोड. दहा नंबरच्या घरावर निळी पाटी आहे. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने हे घर घेतलं आणि आता ते स्मारक आहे. इथला मुक्काम हलवल्यावर पाचेक वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, हाच माणूस महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरला आणि ओंजळभर पाणी प्यायला. पाणपोईपासून हे घर अर्ध्या तासाच्या आत आहे, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

टेकडीवरच्या बाकावर बसून आईला फोन लावला. तिकडे चहाची वेळ.

"आई, आजोळच्या विहिरीला खाचा होत्या ना गं दोराच्या?"

"होत्या की. अजून असतील. का रे?"

"कुणाकुणाचे दोर असायचे?"

कपबशीचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आपलेच. बाकीच्यांना काठावर येऊ देत नव्हते. घागरी घेऊन खाली उभे राहायचे. कुणी वाढलं तर वाढलं." थोडं थांबून म्हणाली, "माझी आई वाढायची. पण वरून."