ट्रॅक 3

लोकेशनवर फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती. पॅकअपनंतर किल्ली शोधताना फ्रिज परत चालू करायचं आठवतं, नाहीतर घरमालकाचं दूध नासतं. त्या दिवशी सकाळपासून किल्ली आत होती आणि आम्ही एकाच सीनवर अडकलो होतो.

मुलगा जाऊन महिना झालाय, आई त्याचं दप्तर आवरायला घेते. एवढाच सीन. चार टेक झाले. चारही वेळा बाई छान रडल्या आणि चारही वेळा हेडफोनमध्ये मला नटीच ऐकू आली. दिग्दर्शकालाही ते कळलं होतं, पण त्याचं नेहमीचं: "म्युझिक सांभाळून घेईल." दुःखाच्या सिनेमात सगळं ओझं बिचाऱ्या व्हायोलिनवर.

मग मी रूम टोन मागितला. म्हणजे सगळ्यांनी जिथल्या तिथे मिनिटभर गप्प राहायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा. हो, असतो, प्रत्येक खोलीचा वेगळा. संवादांच्या फटींत तो भरला नाही तर दर कटला कान अडखळतो. युनिटला मात्र हे एक मिनिट जड जातं. कुणीतरी खोकतंच.

बाई तोवर बाहेर गेल्या होत्या, कपड्यांत माझा लेपल, म्हणजे छोटा माइक, तसाच. खोलीतला दांडीवरचा माइक, बूम, ट्रॅक 1 वर, बाई ट्रॅक 3 वर. खोलीत सगळ्यांचे पुतळे झालेले आणि माझ्या कानात बाईंचा फोन: "बाटली नाही सापडत? दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात बघ. अगं, त्या नाही, दुसऱ्या. सापडली? बरं, ठेवते."

मग एक श्वास. घेता घेता मध्येच थांबलेला आणि खूप वेळाने सुटलेला.

नट सेटबाहेर गेला की त्याचा ट्रॅक बंद करायचा, हे मी हाताखालच्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. मी केला नाही. हात हलवला असता तर बूममध्ये सळसळ आली असती, असं मी स्वतःला सांगत आलोय.

साउंड रिपोर्टमध्ये लिहिलं, 'रूम टोन. ट्रॅक 3 वापरू नये.' एडिटरने अर्थातच तोच आधी ऐकला.

मिक्सिंगला बसलो तर दप्तरावरच्या हातांचा क्लोजअप, रडणं पूर्ण काढलेलं आणि त्यावर तो श्वास. चार सेकंद, 96 फ्रेम. व्हायोलिनसुद्धा नाही. तिथे मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही. म्हणालो, "मागचा रूम टोन जरा वाढवा."

युनिटसाठी शो ठेवला तेव्हा बाई माझ्या शेजारीच होत्या. दिवे लागल्यावर म्हणाल्या, "दप्तराचा सीन चांगला झालाय हो. कुठला टेक लावला शेवटी?"

"तिसरा," मी म्हणालो.